उरलेला वॉशर

मागच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी परभणीत माझ्या दुकानात टेबल आवरत होतो. स्टीलची ताटली उचलली, तर तिच्या बुडाला तेलाने चिकटलेला एक वॉशर दिसला. ब्राँझचा, कागदासारखा पातळ, शर्टाच्या बटणाएवढा... कुठला ते पाहताक्षणी कळलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्याकडे चार जपानी घडीचे चाकू आहेत, आणि त्यांचं सगळं मीच करतो. कुठे शिकायला गेलो नाही. मोटार रिवाइंडिंग करता करता हात बसला, बाकीचं व्हिडिओ बघून आणि चुका करून. धार आधी हजार नंबरच्या दगडावर, मग सहा हजारच्या बारीक दगडावर, शेवटी चामड्यावर. कोन पंधरा अंश म्हणजे पंधराच. परभणी जिल्ह्यात हे असं करणारा दुसरा कोणी असेल तर मला जरूर भेटवा...

त्याआधी दोनच दिवस, रविवारी दाजी आले होते. म्हणजे आमच्या आक्काचे मालक. पालमजवळ त्यांची सीताफळाची बाग आहे, आणि कलमं ते दाढीच्या ब्लेडने करतात हे ऐकून मला राहवलं नाही. चारांतला एक तुम्हाला देतो म्हटलं.

त्यांच्यासमोरच तो पूर्ण खोलला, पुसला, तेल दिलं, परत जोडला. हात चालू आणि तोंडही चालू... पात्याचा मधला थर किती कडक, बाजूचे दोन मऊ का, गंज कसा लागतो, सगळं. दाजी मान डोलवत होते. मीही रंगात आलो होतो.

आणि आता हा वॉशर.

पात्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक वॉशर असतो. पातं उघडलं की आतली पोलादी पट्टी सरकून त्याच्या मागे अडते, तोच लॉक. एक वॉशर नसेल तर पातं कलतं, पट्टी निम्मीच अडते. स्क्रू आवळला की दोन दिवस वरवर सगळं ठीक वाटतं. मग एखाद्या वेळी जोर पडतो, पट्टी निसटते, आणि पातं मिटतं... थेट बोटांवर. आणि त्या पात्याची धार मी काढलेली.

दाजींना फोन लावला. उचलला आक्काने.

"ते तं सकाळीच गेले रानात. फोन हितंच हाय चार्जिंगला. दोन दिवस झालं, तुझा चाकू खाली ठिवनात! का रे?"

"काही नाही, सहज..."

बस. एवढंच बोललो. 'कुणाला तरी पाठव, चाकू वापरू नका म्हणावं', हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. कारण मग 'का' ते सांगावं लागलं असतं. म्हटलं, आपणच जाऊ. बोलता बोलता चाकू मागून घेऊ, वॉशर बसवू, कुणाला कळायचं काम नाही.

गाडी काढली. गंगाखेडपर्यंत कसा गेलो आठवत नाही. कलमाची काडी कापताना पातं स्वतःकडे ओढतात. मूठ घट्ट वळलेली, चारही बोटं पात्याच्या वाटेत... एवढं एकच चित्र डोळ्यांपुढे. रेल्वेचं फाटक लागलं, मालगाडी संपता संपेना. खिशातला फोन दोनदा हातात घेतला. दोन्ही वेळा परत ठेवला.

बागेत पोचलो तेव्हा दाजी बांधावर बसलेले. उजव्या हाताला चिंधी, आणि ती लाल झालेली.

"या की पाव्हणं! असे अचानक?"

मी हाताकडे बोट दाखवलं.

"काई न्हाई, मिटला जरा. घंटाभर झाला असंल. चिंधी होती म्हणून, न्हाई तं बोट गेलतं."

"म्हणजे चिंधी आधीच बांधली होती?"

"मंग! हलतंय ते मला रविवारीच कळलं, तुमच्या दुकानात हातात घेतला तवाच. पर तुमी एवढं सांगायलता... म्हणलं जपानचा माल हाय, आपल्यालाच धरता येत नसंल. आन् तुमाला म्हणावं तरी कसं?"

घंटाभर. म्हणजे तेव्हा मी रस्त्यात होतो. फोनवर ते एक वाक्य बोललो असतो तर कधीच बांधावर निरोप पोचला असता.

त्यांना मागे बसवून पालमला डॉक्टरकडे नेलं. चार टाके. शीर वाचली, बोट वाकतं म्हणाले. तिथे बाकड्यावर आक्का आल्यावर मी सगळं सांगितलं. वॉशर, फोन, गिळलेलं वाक्य... सगळं. खोटं कशाला सांगू, एवढा घाम मला कुठल्याच कामात आला नव्हता.

आक्का म्हणाली, "फोनवर वाचा बसलती का रे तुझी?" आणि तोंड फिरवून बसली.

दाजी मात्र एकदम खूश. "म्हंजे मला धरायला येत होतं तर!"

दोन दिवस तो माणूस स्वतःलाच अडाणी समजत होता. हलणारा चाकू बोटाला चिंधी बांधून वापरत होता, कशासाठी... तर मला वाईट वाटू नये. समोरचा मान डोलवतो म्हणजे त्याला पटतंय, अशी माझी आजवरची समजूत. किती जणांनी माझ्यापुढे अशा चिंध्या बांधल्या असतील, कोण जाणे.

काल टाके निघाले. दाजींनी व्हिडिओ कॉल करून बोट वाकवून दाखवलं, एकदा, दोनदा. पुढे बराच वेळ ते कलमांविषयी बोलत राहिले, काडीवरचा डोळा कसा निवडायचा, काडी किती जाड हवी... मी मधे एक शब्द बोललो नाही.