पावसाळ्याआधी खणलेली कबर

प्रार्थना ऐकली जाते की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्या दिवसांत तर माझा देवावर सरळसरळ राग होता. नवरा मुंबईच्या गिरणीत असताना तापाने गेला. सासरच्यांनी मला पांढऱ्या पायाची ठरवलं आणि देवरुखाकडच्या त्या घरातून मी मंजूला कडेवर घेऊन रत्नागिरीच्या मिशनच्या आश्रमात आले. पुढे बाप्तिस्मा घेतला, तो थोडा श्रद्धेने आणि थोडा उपकारांच्या ओझ्याने. खोटं कशाला लिहू?

आश्रमाची सुरुवात म्हणे भाड्याच्या एका गोठ्यात झाली होती. दोन परदेशी बाया आणि त्यांनी सांभाळायला घेतलेली काही अनाथ मुलं, एवढाच तेव्हाचा पसारा. मी आले तोवर, म्हणजे एकोणीसशे तिसाच्या सुमारास, तिथे जांभ्याच्या चिऱ्यांचं ख्रिस्ती देऊळ, दवाखाना आणि आम्हा निराधार बायकांचं कौलारू घर उभं होतं. जागा गावाबाहेरच्या सड्यावर होती. नुसता कातळ, गवतही धड उगवत नसे, म्हणूनच ती मिशनला मिळाली असावी.

कोकणात मिरगाआधी घरोघर बेगमी चालते. तांदूळ, सुकी मासळी, लाकूडफाटा. आमच्या बेगमीत कबरीही असत. कातळ पहारीने फोडावा लागतो, आणि ते काम जाणणारी चिरेखाणीवरची माणसं पावसाळ्यात लावणीसाठी आपापल्या गावी जातात. म्हणून उन्हाळ्यातच दोन कबरी खणून ठेवायच्या, एक मोठी आणि एक धाकटी. त्यातून निघालेले चिरे नव्या बांधकामाला लागत. कबरींवर माडाचे विणलेले झाप टाकून ठेवत. कोणासाठी खणल्या हे कोणी बोलत नसे, आणि धाकट्या कबरीकडे तर आम्ही आया बघायचंही टाळत असू.

अशाच एका आषाढात मंजूला ताप भरला. डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे त्या मूळच्या दोघींपैकी एक, रात्रंदिवस तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होत्या. सगळं घर प्रार्थना करत होतं. माझी प्रार्थना मात्र भांडणासारखी होती. माझं सगळं घेतलंस, आता हिला तरी सोड, एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होते.

एका दुपारी डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन काही सांगितलं आणि बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी समजले. उठले ती तडक सड्यावर गेले. धाकट्या कबरीवरचे झाप वाऱ्याने कधीच उडाले होते. तिकडे कोणी बघतच नव्हतं, तर कळणार कसं? कबर तांबड्या पाण्याने काठोकाठ भरलेली. पोर जाणार हे मी एक वेळ सोसलं असतं, पण तिला त्या पाण्यात ठेवणं नाही. मी तिथेच चिखलात बसले.

खाडीकडून मिरजोळ्याच्या वाटेने एक बाई येत होती. पाठीवर इरलं, डोक्यावर कालवांची टोपली. मला बघून थांबली.

"काय झाला गो बाय? अशी भिजत का बसलीस?"

"पोर जायला टेकलीय माझी. ह्या पान्यात कशी ठेवू मी तिला?"

तिने कबरीत वाकून बघितलं. धीर धर, देव बघतो, असलं काही ती बोलली नाही. टोपली खाली ठेवत म्हणाली, "पानी काय गो, उपसला की जाता. तू पोरीजवळ जा."

मी गेले. त्या रात्री आणि दुसरा दिवसभर मंजू माझ्या मांडीवर होती. तिसऱ्या पहाटे ती गेली.

पाऊस कोसळतच होता. पेटीमागून चालताना मला प्रार्थनेचा एक शब्द ऐकू येत नव्हता, डोळ्यांपुढे फक्त ते तांबडं पाणी होतं. कबरीपाशी आलो तर तिच्यावर नवे झाप, त्यांवर दाबायला चिरे, आणि भोवती पाणी वळवायला मातीचा बांध. झाप उचलले. खाली कोरडा पेंढा जाड अंथरलेला होता. माझी मंजू कोरड्यात गेली. मी त्या दिवशी रडले ते दुःखाने रडले, भीतीने नाही.

मिशनच्या कोणी ते केलं नव्हतं. बाईंनी खाडीकाठच्या वाड्यांतून चौकशी केली, पण ती बाई कोणाला माहीत नव्हती. देवदूत असेल, असं काही जणी म्हणाल्या. मला नाही वाटत. तिचे पाय चिखलाने भरले होते आणि अंगाला कालवांचा वास होता. तिला कोणी पाठवलं हे विचारणं मात्र मी सोडून दिलं. मी मागितलं ते मला मिळालं नाही. जे मागायचंही मला सुचलं नव्हतं, ते कोणीतरी माझ्या आधी जाऊन करून ठेवलं होतं.

तेव्हापासून पावसाळ्यात धाकट्या कबरीची राखण माझ्याकडे आहे. झाप सरकले तर नीट करते, पाणी साचलं तर उपसते. उपसताना म्हणते, प्रभू, ही रिकामीच राहू दे. आणि ते तुझ्या मनात नसेल, तर निदान कोरडी राहू दे.