काळ्या लाकडाची बाई

लढाईच्या काळात आमचे मालक फौजेत होते. आफ्रिकेतून सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी लोकरीच्या मोज्यात गुंडाळून वीतभर उंचीची काळी लाकडी बाई आणली. पोट पुढं आलेलं, गुडघे वाकलेले, वरच्या ओठात खुंटी. तिकडचे मकोंडे लोक अशा बाया कोरतात, त्यांच्या बायका ओठात तशीच खुंटी घालतात, असं त्यांनी सांगितलं.

"ही बाई हाय का हडळ?" सासू म्हणाली.

"आवं आत्याबाई, आपण नाक टोचतोच की," मी म्हटलं.

मालक परत जाताना मला म्हणाले, "मी येईस्तवर ही जपून ठेव." मी ती कोनाड्यात ठेवली.

मला सातवा महिना लागला. आधीची दोन पोरं जन्मताच गेली होती. हे जगावं, एवढंच मला हवं होतं. सासूने देवरुषी आणला. तो घुमला आणि म्हणाला, "ही पोटुशी बाई सुनेच्या पोटातलं खाणार. बाळंतपणाआधी नदीत सोडा."

"ऐकलंस? हे पोर गेलं तर तू बी माहेरी जायाचं," सासू म्हणाली.

देवरुष्यावर माझा विश्वास नव्हता. पण दोनदा मोकळ्या हाताने उठलेली बाई वाद कशाच्या जोरावर घालणार? मी सासूच्या मागे कृष्णेवर गेले.

सासूने बाईला हळदकुंकू लावून ती पाण्यात सोडली. लाकूडच ते, तरंगत जाईल आणि पीडा खालच्या गावाला लागेल, असा तिचा हिशेब. ती दगडासारखी बुडाली. गुडघाभर नितळ पाण्यात उताणी पडून आमच्याकडे बघत राहिली.

सासू मागे सरली. "लाकूड बुडतंय व्हय कुठं?"

धुणं धुणारी एक जण ओरडली, "काकी, तिला तुमचंच घर आवडलंया!"

सासू हसली नाही. "जात न्हाई ती. काढ तिला. मी न्हाई हात लावायची."

पोटामुळे वाकता येईना. मी पाण्यात बसले आणि ती काढली. चांगलीच जड होती, तिकडचं काळं लाकूडच तसं.

सासू रोज तिच्यापुढे दिवा लावू लागली. भक्तीने नव्हे, भीतीने. दिवसातून कितीदा तरी माझ्या पोटावर हात ठेवून विचारायची, "हललं का?" एखाद्या दिवशी हलायचं नाही, तेव्हा दोघींच्या भाकऱ्या टोपल्यातच राहायच्या.

मुलगी झाली. जरा थांबून रडली. सासूने आधी कोनाड्याकडे बघितलं, मग पोरीकडे.

बारशाला देवरुषी शिधा मागायला आला. लाकडी बाई अजून कोनाड्यात आहे हे बघून तो भडकला. सासूने त्याला उंबऱ्यातच अडवलं.

"नदीनं घेतली न्हाई तिला. तू कोण रं?"