पंजाबरावांची पहिली काकर

जळगाव जामोदकडून सातपुड्याच्या पायथ्याला निघालं की जी काळी शिवारं लागतात, त्यांतल्या एका गावात पंजाबरावांचा मान पोलीस पाटलापेक्षा मोठा होता, निदान वर्षातले आठ दिवस तरी. ते आठ दिवस मे महिन्याच्या शेवटचे, पावसाआधी करायच्या कपाशीच्या धूळपेरणीचे. तिकडे कपाशी चौफुलीवर लावत. आधी तिफण ओढून रानात उभ्या रेघा पाडायच्या, मग आडव्या, आणि रेघ जिथे रेघेला छेदते त्या फुलीवर बायांनी सरकी टोबायची. त्या रेघेला काकर म्हणतात. पहिली काकर वाकडी गेली की मागच्या सगळ्या वाकड्या, आणि पुढे तण काढताना, डवरणीच्या वेळी, डवरा तण सोडून कपाशीच कापत जातो. म्हणून पहिली काकर पंजाबरावांची. शेत कुणाचंही असो, आदल्या संध्याकाळी शेतवाला पानविडा घेऊन दारात हजर. पंजाबराव विडा तोंडात टाकत आणि "येतो बे सकाळी" एवढंच बोलत. दोरी नाही, खुंटी नाही. पलीकडच्या बांधावरचं एखादं झाड नजरेत धरायचं आणि बैल हाकायचे. बावीस वर्षं हे चाललं होतं आणि पंजाबरावांना त्याची घमेंड होती. असेना का, गावात सरळ जाणारी माणसं असतात तरी किती!

पण त्यांचा डावा डोळा लहानपणीच बोरीच्या काट्यानं गेलेला. सगळी भिस्त उजव्यावर, आणि साठी गाठता गाठता त्यातही मोतीबिंदू उतरला. दोन वर्षं त्यांनी तो कबूलच केला नाही. एकदा जावई समजून पोस्टमनला ओसरीवर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं, लेकीची खुशाली विचारली. पोस्टमनही भला माणूस, त्यानं पाय धुतले. तो गेल्यावर त्यांची बायको सोजराबाई म्हणाल्या, "आता धोतर-टोपीचा आहेर कराच्या आधी दवाखान्यात चाला."

अडुसष्ट सालच्या जानेवारीत जळगाव जामोदच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. वर्गातली बाकं बाहेर आणि खाटा आत. डॉक्टरांनी डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढलं, टाके घातले, पट्टी बांधली आणि डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या लावल्या. खोकायचं नाही, कूस बदलायची नाही. बोलायचं नाही, असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं दुसऱ्या वर्गात जागा मागितली.

दीड महिन्यानं चष्म्याचा नंबर काढायला बोलावलं. त्या काळी मोतीबिंदू काढला की जाड भिंगाचा चष्मा ठरलेला. बाकीचे लोक चष्मा लावून, एकमेकांना ओळखून, हसत हसत घरी गेले. पंजाबराव मात्र भिंतीवरच्या रेघांच्या तक्त्यापुढे अडून बसले.

"डाक्टरसाहेब, उभ्या रेघा काळ्या कुळकुळीत दिसून राह्यल्या. आडव्या कोनं पुसल्या?"

डॉक्टर हसले. "कुणी पुसल्या नाहीत, काका. टाक्यांची ओढ बसून तुमचं बुबुळ जरा चेपलंय. चेंडूसारखं गोल असायला हवं, त्याचं लिंबू झालंय. म्हणून एका दिशेचं स्पष्ट आणि दुसऱ्या दिशेचं फिसकटलेलं."

"मंग मले चौफुलीतली अर्धीच दिसन."

"दोन्ही दिसतील. तुमच्यासाठी वेगळं भिंग मागवतो. पण ते चौकटीत जसं बसवून देईन तसंच राहिलं पाहिजे. जरा फिरलं की सरळ वस्तू तिरपी दिसेल." मग चिठ्ठी लिहिता लिहिता ते म्हणाले, "विलायतेत तर आता डोळ्याच्या आतच भिंग बसवतात. आपल्याकडे यायला वेळ आहे."

"अन् आतमधी ते फिरलं तं?"

डॉक्टरांचा हात थांबला. "तर पुन्हा उघडून सरळ करावं लागेल."

"मंग आपलं हेच बरं," पंजाबराव म्हणाले. "बिघडलं तं हाताशी तरी आहे."

चष्मा आला, आणि पंजाबराव पुन्हा दाणा न् दाणा पाहू लागले. मेच्या अखेरीस शालिग्राम पानविडा घेऊन आला. हा पंजाबरावांच्या चुलतभावाचा मुलगा, नुकताच शेती पाहू लागलेला. त्याचा विडा तोंडात गेला तसा सोजराबाईंनी अवजारं धुवायला काढली. काकरीच्या आदल्या दिवशी तिफण, जू, कासरा सगळं धुऊन हळदीकुंकू लावायचं, हा त्यांच्या सासूपासूनचा नेम. औंदा त्यांनी चष्माही पाटावर ठेवला. ज्याच्यावर सगळी मदार, त्यालाच पूजेत वगळायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. चुलीवरच्या गरम पाण्यात त्यांनी तो बुडवला, तशी चौकट मऊ पडली आणि भिंग ताटलीत टपकलं. त्यांनी ते पदरानं पुसलं, दाबून पुन्हा बसवलं आणि वर कुंकवाचं बोट टेकवलं. गोल चौकट, गोल भिंग, कसंही बसतं. डॉक्टरांची ताकीद त्यांच्या कानावर आलीच नव्हती. घरी आल्यावर पंजाबराव थेट विलायतेच्या गोष्टी सांगू लागले होते, त्यात मुद्द्याची गोष्ट राहून गेली.

सकाळी अर्धं गाव बांधावर जमलं. पंजाबरावांनी समोरचं बाभळीचं झाड धरलं. झाड जरा कलल्यासारखं वाटलं, पण बावीस वर्षं काकर पाडणारा माणूस झाडाबद्दल तक्रार कशी करणार? त्यांनी बैल हाकले, टोकाला पोचले आणि वळून पाहिलं. काकर त्यांना सरळ दिसली. बांधावर कुणी हूं की चूं केलं नाही.

"वाकडी आली," सोजराबाई म्हणाल्या. त्या ओटीत सरकी घेऊन उभ्या होत्या.

"राहू द्या ना काकू," शालिग्राम घाईनं पुटपुटला. "मंग आमी करून घेऊ."

पंजाबरावांनी नेमकं तेवढंच ऐकलं. "मंग म्हंजे कवा?"

 ते सोजराबाईंनीच सांगून टाकलं. गेली दोन वर्षं पंजाबराव काकर पाडून जेवायला घरी जात आणि मागून गावकरी ती पुसून दोरी लावून नव्यानं पाडत. प्रत्येक शेतात. त्यांना कुणी कळू दिलं नव्हतं.

पंजाबरावांनी कासरा सोडला आणि ते बांधावर बसले. गावाची माया होती ती, हे त्यांना कळत होतं. पण त्या घडीला ती थपडेसारखी लागली. दोन वर्षं आपण मिशीवर ताव देत फिरलो आणि लोक आपल्या माघारी आपलंच काम पुसत होते, या विचारानं त्यांचे कान तापले.

"शालिग्राम, धर बाबू तिफन," ते म्हणाले. "माहं सरलं आता. मले तं झाडच तिरपं दिसते, बैल बी तिरपे दिसतात."

"तिरपे?" सोजराबाई जवळ आल्या. "कालपर्यंत दिसत होते का तिरपे?"

"नाई."

सोजराबाईंचा चेहरा उतरला. "अवो, काल पूजेच्या वक्ती ते काच निंगाली होती. म्याच बसवली."

 पंजाबरावांनी रागवायला तोंड उघडलं, आणि डॉक्टरांचं बोलणं आपणच पोटात ठेवलं हे आठवून मिटलं. मग त्यांनी शालिग्रामला दहा पावलांवर काठीनं धुळीत एक मोठी फुली काढायला लावली. डोळ्यांवर चष्मा तसाच ठेवून ते ताठ बसले आणि सोजराबाई दोन्ही अंगठ्यांनी भिंग चौकटीतल्या चौकटीत फिरवू लागल्या.

"अजून. अजून जरासं. उभी दिसली, आडवी गेली. आता माघारी घे. थांब, थांब."

फुलीच्या दोन्ही रेघा एकदम काळ्याभोर झाल्या. कुणीतरी बाभळीचा डिंक चघळून आणला, सोजराबाईंनी तो भिंगाच्या कडेला लावला आणि वाळेपर्यंत पंजाबरावांना मान हलवू दिली नाही. तेवढ्या वेळात बैलांनी बांधावरचं गवत संपवलं.

पंजाबरावांनी पुन्हा तिफण धरली.  दुसऱ्या टोकाला पोचून त्यांनी बैल थांबवले.

"सरळ आली काका," शालिग्राम म्हणाला.

"सोळा आणे," आणखी कुणी म्हणालं.

पण हेच लोक दोन वर्षं गप्प राहिले होते. पंजाबरावांना त्यांचा भरवसा वाटेना, आणि स्वतःच्या डोळ्याचा तर नाहीच. त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तू सांग."

सोजराबाई काकरीच्या काठाकाठानं चालत आल्या, वाकून, सावकाश, सरकी निवडावी तशी माती बघत. निम्म्यावर त्या थांबल्या.

"इथी बोटभर डावीकडे गेली," त्या म्हणाल्या. "बाकी सरळ आहे."

पंजाबराव तिथवर आले आणि त्यांनी खाली पाहिलं. खरंच बोटभर गेली होती. त्यांना स्वतःलाही ती दिसत होती.

"बोटभर," ते म्हणाले. "बोटभर तं चालते, सोजरा." मग आडवी काकर पाडायला त्यांनी बैल वळवले.