सड्यावरची रातांबी

पालीच्या गुरांच्या दवाखान्यात शालन तांबेनं सत्तावीस वर्षं जनावरं धरली. डॉक्टर सुई टोचायचे आणि जनावर धरायची शालन. मारकी म्हैस असो की भेदरलेलं वासरू, तिचा हात मानेवर पडला की ते शांत व्हायचं. घोड्याशी मात्र तिचा कधी संबंध आला नव्हता. पालीत घोडे होते कुठे? ते गणपतीपुळ्याच्या पुळणीवर, पर्यटकांची पोरं पाठीवर घेऊन फिरायचे.

तिची नोकरी संपायला वर्ष राहिलं असताना पुळ्याचे घोडेवाले दाजी टेम्पोतून एक घोडी घेऊन आले. तिचा रंग पिकल्या रातांब्यासारखा, कोकमाच्या फळासारखा लालजांभळा, म्हणून नावही रातांबी. अंगात ताप, पोटाखाली सूज, हिरड्या पांढऱ्याफटक. आठवडाभर ताप राहायचा, उतरायचा, घोडी जरा खायला लागायची आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. डॉक्टर संध्या तेव्हा नुकत्याच रुजू झाल्या होत्या. त्यांनी रक्त काढून परराज्यातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. उत्तर वाईट आलं. खात्रीसाठी पुन्हा पाठवलं, तरी तेच.

"हा विषाणू रक्तात एकदा शिरला की जन्मभर जात नाही, दाजी," डॉक्टर म्हणाल्या. "माणसाला काही होत नाही. पण गोमाशी हिला चावून दुसऱ्या घोड्याला चावली तर त्याला होतो. एक तर हिला कायमची झोपवायची, नाहीतर मरेपर्यंत दुसऱ्या घोड्यांपासून लांब ठेवायची."

दाजींकडे अजून दोन घोडे होते. तपासणीत ते निरोगी निघाले होते, पण बांधायला जागा एकच. दाजी घोडीच्या गळ्यात हात टाकून उभे राहिले.

"आमच्या वाडीवर चार कोसात घोडा नाय," शालन मध्येच म्हणाली. "सड्याच्या कडेला आमची जागा हाय. तिथं चालंल?"

परवानगीचे कागद व्हायला दीड महिना गेला. घोडी घरी आली तेव्हा शालनचा नवरा धोंडू कपाळाला हात लावून बसला. "काय गो, लोक म्हातारपणी शेळी आणतात. तू आजारी घोडी आणलीस?"

पण गोठा त्यानंच बांधला. जांभ्या दगडाच्या कमरेएवढ्या भिंती, त्यांवर चारी बाजूंनी बारीक जाळी आणि वर पत्रा. दिवसा गोमाश्या असायच्या म्हणून घोडी आत. दिवस कलला की शालन निरगुडीच्या पाल्याची धुरी करायची आणि तिला सड्यावर, उघड्या कातळमाळावर, न्यायची. शालनला आजही सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. भादव्यात सडा निळ्या-पिवळ्या फुलांनी भरलेला, लांबवर समुद्राची रेघ आणि कातळावर वाजणारे घोडीचे खूर. घोडी चरताना मध्येच मान वर करून पश्चिमेला बघत राहायची. तिला पुळण आठवत असेल, असं शालनला वाटायचं.

पहिल्या वर्षी ताप सहा वेळा आला. पण दर वेळी जरा हलका आणि जरा उशिरानं. मग तो यायचाच थांबला. हिरड्या गुलाबी झाल्या, अंग भरलं.

"मग बरी झाली की ही!" शालन म्हणाली.

रक्त न्यायला आलेल्या डॉक्टर संध्या पायरीवर टेकल्या. "बरी नाही झाली, शालनताई. विषाणू आहेच आत. तो रूप बदलतो. शरीरानं ओळखून मारला की थोडा बदलून पुन्हा येतो. म्हणून ताप परत परत यायचा. पण दर वेळी हिचं शरीर नवं काही शिकत गेलं. आता त्याचा जो भाग बदलूच शकत नाही, तोच ते ओळखतं. म्हणून त्याला डोकं वर काढता येत नाही."

"म्हंजे आत रोज राखण चालू हाय."

"रोज. ती थांबली तर ताप पुन्हा येईल."

ते शालनला कळलं दोन हजार वीसच्या जूनमध्ये. वादळात गोठ्याचा पत्रा उडाला आणि घोडी अख्खा दिवस पावसात भिजत, थरथरत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ताप चढला. टाळेबंदी होती, रस्त्यावर झाडं पडलेली, डॉक्टरांना येता येईना. दोन दिवसांनी कसाबसा फोन लागला.

"औषध काय देऊ, मॅडम?"

"या विषाणूवर औषध नाहीच. कोरडी ठेवा, पाणी पाजत राहा. बाकीचं तिचं शरीरच करील."

सत्तावीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला नुसतं बसून राहणं जमेना. तिनं गोणपाटानं घोडीचं अंग पुसलं, पेज करून पुढे ठेवली. घोडीनं तोंड लावलं नाही. धोंडूनं भर पावसात पत्रा परत ठोकला आणि तोही येऊन बसला. ताप चढल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी शालन पेजेचं भांडं घेऊन गेली, तर घोडीनं ते तिच्या हातातूनच ओढलं. अर्धी पेज शालनच्या लुगड्यावर सांडली. ती हसता हसता रडायला लागली.

त्यानंतर ताप कधीच आला नाही. गेल्या वर्षी माघात, म्हातारपणानं, उन्हात पडल्यापडल्या रातांबी गेली. शेवटचं रक्त डॉक्टरांनी नेलं. विषाणू त्यातही होता. इतकी वर्षं त्याच्यासोबत काढून ती मेली ती त्याच्यामुळे नव्हेच, असं त्यांनी फोनवर सांगितलं, तेव्हा शालन "व्हय, म्हायती हाय मना," एवढंच म्हणाली.

महिन्याभरानं दाजी आले. आता त्यांच्याकडे घोडे नाहीत, गुडघे गेलेत. जिथं घोडीला पुरलं तिथं ते थोडा वेळ उभे राहिले, मग अंगणात येऊन बसले.

"पुळणीवर लाटेला घाबरायची हो ती," ते म्हणाले. "पाणी पायाला लागलं की उडीच मारायची."

"इथं पऱ्याच्या वाहत्या पाण्यात तर लोळायची!" शालन म्हणाली.

"काय सांगता!"

मग तिनं त्यांना पऱ्याचं सांगितलं, वादळाचं सांगितलं, घोडीनं धोंडूची टोपी खाल्ली होती तेही सांगितलं. दाजींनी पुळणीवरचं सांगितलं. कुणा एका पोरानं फुगा फोडला आणि घोडी थेट देवळाच्या कमानीपर्यंत पळाली होती. दाजींना परत नेणारी हातखंब्याची शेवटची एसटी निघून गेली तरी दोघांचं संपेना.

धोंडू उठला. "आता राहा दाजी. बस गो तू, भाकऱ्या मी टाकतो."