उपस्थिती अनिवार्य

वसतिगृहात किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. वर्षाअखेरीस कपाटं हलवली की प्रत्येक कपाटामागून एकेकटा मोजा निघतो, तसे. कोणाचा, केव्हाचा, काही सांगता येत नाही; पण टाकवतही नाही. रोह्याजवळच्या एका निवासी शाळेत मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. आणि तुम्हाला म्हणून सांगते, आमच्याकडे किश्शांचा खरा हंगाम म्हणजे हिवाळी सत्र! दिवाळीची सुट्टी संपवून मुली रडत रडत परत येतात. मग भेटीचे रविवार, खेळ, पोपटी, संक्रांतीचं हळदीकुंकू, एकामागून एक सुरूच. प्रत्येक कार्यक्रमाची सूचना पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते.

सूचना मी लिहिते आणि आमचे हेडसर तपासतात. हेडसर लातूरकडचे. माणूस सोन्यासारखा, पण खोड एकच. कुठल्याही सूचनेच्या शेवटी ते 'अनिवार्य' हा शब्द घालतातच! एकदा टाकी धुवायची म्हणून सकाळी पाणी येणार नाही, एवढंच कळवायचं होतं. त्यालाही सरांनी शेपूट जोडलं, 'सहकार्य अनिवार्य आहे.'

"सर, अहो पाणीच नाही, तर सहकार्य कशात करायचं?"

"मॅडम, अनिवार्य लिहिल्याशिवाय लोक वाचत नाहीत!"

लोक वाचतात. फार नीट वाचतात. मी आता सांगणार आहे ते सगळं त्यातूनच झालंय.

*

पहिली सूचना स्वेटरची. 'थंडी वाढली आहे. मुलींना स्वेटर देणे अनिवार्य आहे.'

आता आमच्याकडे थंडी ती किती! पहाटे दोन-तीन तास अंगावर काटा येतो, दहा वाजता घाम. बऱ्याच घरांत स्वेटर ही वस्तूच नसते. पण अनिवार्य म्हटल्यावर काय करणार? दुसऱ्या सोमवारी प्रार्थनेला वरसे गावच्या सुजाताताईंची मुलगी उभी राहिली ती भगव्या रंगाच्या, गुडघ्यापर्यंत आलेल्या जाकिटात. चमकत्या पट्ट्या आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत 'सुरक्षा प्रथम'! तिचे वडील एमआयडीसीतल्या कंपनीत कामाला आहेत.

हेडसर चष्मा वर करून बघत राहिले. "हे काय आहे?"

"स्वेटर, सर. अनिवार्य होता ना!"

सगळी रांग हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू? मग मी तिला विचारलं, "अगं, मग बाबा रात्रपाळीला काय घालतात?"

"आईची शाल," ती म्हणाली.

त्यानंतर त्या जाकिटाला कोणी हसलं नाही. उलट ज्या मुलीला ताप येईल, तिला ते घालायला द्यायचं असं मुलींनी आपसात ठरवून टाकलं.

*

दुसरी सूचना भेटीच्या रविवारची. आदल्या वर्षी कोणाच्या तरी डब्यातल्या कोळंबीने निम्मं वसतिगृह आजारी पडलं होतं. म्हणून यंदा लिहिलं, 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. नियमपालन अनिवार्य आहे.'

खांब गावचे एक पालक, विठ्ठलभाऊ, फाटकातून आत आले ते एक पिशवी पोटाशी धरून. पिशवी हलत होती.

"विठ्ठलभाऊ, सूचना वाचलीत ना?"

"वाचली ना मॅडम! म्हनून तर जिवंत आनली. अजून खाद्यपदार्थ झाली नाय ती!" आणि त्यांनी पिशवीतून चांगली टणटणीत तांबडी कोंबडी बाहेर काढली.

आमच्या स्वयंपाकाच्या मंदामावशी सुरी घेऊन आल्या, तर मुलींनी कोंबडीभोवती कडं केलं. मावशी म्हणाल्या, "अगं, रविवारचा रस्सा तरी व्हईल." पण कडं काही सुटलं नाही. कोंबडी राहिली. मुलींनी तिचं बारसंही केलं. नाव काय ठेवलं असेल? अनिवार्य! आता रोज सकाळी लाकडांच्या मोळीमागून हाका ऐकू येतात, "अनिवार्यने अंडं दिलं!" हेडसर तेव्हा मुद्दाम दुसरीकडे बघतात.

*

आता रुचिताबद्दल सांगते, कारण यापुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे.

रुचिता सहावीत. पेण तालुक्यात, जिते गावाच्या पुढे खाडीच्या अंगाला घर. वडील, हरेशभाऊ, मिठागरावर काम करतात. पावसाळ्यात तिची आई गेली. तापाचं निमित्त झालं आणि गेली. दिवाळीनंतर हरेशभाऊ तिला सोडायला आले, तेव्हा फाटकात मला म्हणाले, "सक्रांतीपतुर ठेवा मॅडम. मंग घेऊन जातो. घरात बारका पोरगा हाय, मी दिसभर मिठावर. कसं व्हायचं?"

मी खूप समजावलं. पोरगी गणितात हुशार आहे, काकी शेजारीच राहते, निघेल काहीतरी मार्ग. ते मान हलवत ऐकत राहिले. ऐकून घेणाऱ्या माणसाशी वाद तरी कसा घालणार? खरी अडचण पुढेच होती. रुचितालाही जायचंच होतं. तिने कपाटात कपडे लावलेच नाहीत, सगळं पेटीतच ठेवलं. हिवाळ्यात पेटी उचलून गेलेली मुलगी जूनमध्ये परत आली, असं मी अजून पाहिलेलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मुली माझ्या फोनवरून घरी बोलतात. कोण रडतं, कोण भांडतं, कोण म्हशीला फोन द्यायला सांगतं! रुचिताची पाळी आली की ती फोन कानाला लावून नुसती उभी राहायची. हालहवाल नाही, हूं नाही, चूं नाही. एकदा मला वाटलं लाइनच तुटली.

"आवाज येत नाही का गं?"

"येतो ना बाई. पंप चालू हाय."

मी फोन कानाला लावला. पलीकडे मिठागरात पाणी घेणारा पंप धडधडत होता. हरेशभाऊ तिकडे उभे होते, तेही गप्प. मी फोन तिच्या हातात परत दिला आणि पुढच्या मुलीला सांगितलं, थांब जरा.

*

मध्ये एक हलकी गोष्ट सांगते, नाहीतर मलाच पुढे जाववणार नाही.

क्रीडामहोत्सवात मुलींच्या आयांसाठी संगीत खुर्ची ठेवली होती. सहभाग अर्थातच अनिवार्य. गाणं सुरू झालं, सगळ्या बाया पदर खोचून फिरायला लागल्या. पहिल्यांदा गाणं थांबलं, तशा सुजाताताई एका खुर्चीत बसल्या. गाणं परत सुरू झालं, पण ताई काही उठेनात.

हेडसर माइकवरून, "ताई, उठा! खेळाचा नियम आहे!"

"पहाटेपासून उभीच हाय मी, सर! नवऱ्याचा डबा, सासऱ्याचं पथ्य, मंग टमटम, तीबी उभ्याने! बक्षीस द्या नायतर नका देऊ, मी उठत नाय!"

दुसरी म्हणाली, "खरं बोलतेस गो," आणि तीही बसली. मग तिसरी. शेवटी सगळ्या बसल्या आणि गाणं एकटंच वाजत राहिलं. बक्षीस कोणाला द्यायचं, यावर सर अजून विचार करतायत!

रुचिता पायरीवर बसून हे बघत होती. तिच्याकडून कोणी फिरणारं नव्हतं. सुजाताताईंनी जाताना तिच्या ओंजळीत आवळे ठेवले, तेव्हा तिने ते न खाता खिशात टाकले.

*

मग पोपटी. आमच्याकडे वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागलीच पाहिजे, त्याला सूचना लागत नाही. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, मग ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, वरून परत पाला गच्च कोंबायचा आणि मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. शेंगा विठ्ठलभाऊंच्या शेतातल्या, अंडी बाजारातली आणि एक अनिवार्यचं.

दिवेलागणीला हेडसर मैदानावर आले. बघतात तर आगीत मडकं उपडं!

"अहो, कोणी ठेवलंय हे? सगळं सांडलं असेल!" आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांनी बांबूने मडकं सुलटं केलं. सांडायला काय, एक शेंग बाहेर आली नाही! सर थोडा वेळ मडक्यात डोकावत राहिले. मुली पोट धरधरून हसल्या. रुचितासुद्धा हसली. त्या दिवशी ते भगवं जाकीट तिच्या अंगात होतं, ताप नसतानाही. कोणी दिलं, मी विचारलं नाही.

पण खायची वेळ आली तशी तिने आपला वाटा कागदात बांधला.

"अगं, गरम आहे तोवर खा की!"

"बाबांना नेते."

"संक्रांतीपर्यंत टिकेल का हे?"

तिने पुडीला आणखी एक घडी घातली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "बाई, आमच्या घरी गाळणीच गावत नाय. आई कुठं ठेवायची ठाऊक नाय कोनाला. बाबा चा तसाच पितात, पत्तीसकट. मी गेली ना, की गावंल मला."

मी तिला जवळ घेतलं. जाकिटाला धुराचा वास येत होता. फार वाईट वाटलं मला त्या दिवशी, आणि राग कोणावर काढावा तेही कळेना.

*

हळदीकुंकवाची सूचना गेली, 'सर्व मुलींच्या घरून उपस्थिती अनिवार्य आहे.' मी 'मातांना आग्रहाचे निमंत्रण' असं लिहिलं होतं, सरांनी ते आधुनिक केलं.

वाणाच्या वाट्या आणायला मी स्वतः रोह्याच्या बाजारात गेले आणि पिशवी भरून गाळण्या घेऊन आले. सर म्हणाले, "वाट्या ठरल्या होत्या ना?"

"संपल्या होत्या."

"अख्ख्या रोह्यातल्या?"

"हो!"

एक गाळणी मी कपाटात बाजूला ठेवली. रुचिता जाताना पेटीत घालून द्यायची, एवढंच माझ्या हातात होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सतरंजीवर बाया दाटीवाटीने बसल्या. मंदामावशी दरवर्षीसारख्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. नवरा वारल्यापासून त्या या कार्यक्रमात आत येत नाहीत, किती सांगितलं तरी नाही. मी ताट उचललं आणि तेवढ्यात फाटकातून हरेशभाऊ आले. अंगात पांढरा, घडी मोडलेला शर्ट, मिठाने भेगाळलेले पाय धुऊन आलेले, काखेत पेटी बांधायची दोरी. मला वाटलं, मुलीला घेऊन लगेच निघतील. तर त्यांनी चपला काढल्या आणि बायांच्या रांगेत, अगदी शेवटी, मांडी घालून बसले.

कोणीतरी खुदकन हसलं, शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. हेडसर व्हरांड्यातून माझ्याकडे बघायला लागले. मी ताट घेऊन जवळ गेले, तसे हरेशभाऊ खाली बघूनच म्हणाले, "अनिवार्य लिवलं व्हतं मॅडम. सकाळी जित्याला गाडी पकडली. घरून दुसरं येनारं कोन नाय."

सुजाताताई बाजूच्या बाईला म्हणाल्या, "सरक गो जरा, दादांना भिंतीला टेकू दे." आणि मग स्वयंपाकघराच्या दारातून मंदामावशी आल्या. हात पदराला पुसले, सगळ्या बायांच्या मधून चालत गेल्या आणि हरेशभाऊंच्या शेजारी बसल्या.

"मीपन बसते आज," मावशी म्हणाल्या. "लाव गो पोरी आम्हाला."

मी मावशींना हळदीकुंकू लावलं. हरेशभाऊंच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि वाण दिलं. त्यांनी गाळणी हातात घेतली. उजेडाकडे धरली, जाळीवरून अंगठा फिरवला.

दारात रुचिता उभी होती. केस विंचरलेले, पायाशी पेटी, पेटीवर चपला.

हरेशभाऊंनी गाळणी शर्टाच्या खिशात घातली, दांडा वर राहिला.

"रुचे," ते म्हणाले, "ही मी नेतो. पेटी आत ठेव गो."