केशरी कार्डावरचे अण्णा

लग्नाच्या पंगतीत शेजारी अनोळखी माणूस बसला की आमचे अण्णा त्याचं नाव-गाव विचारायचे आणि दुसऱ्या घासाला सांगून टाकायचे, "आपलं हार्टचं आपरेशन झालेलं हे. गरिबाच्या योजनेतून. लबाडी करून." त्यांच्या मुलाचा, विलासदादाचा, हात जिलेबीवरच थांबायचा. काकू तोंडाला पदर लावायच्या. मला तर उठून पळून जावंसं वाटायचं. समोरचा कधी म्हणायचा, "या फुकटच्या योजना बंदच केल्या पाहिजेत." मग अण्णा ताट बाजूला सारत. "योजना नको बंद करू. माझ्यासारख्यांना हाकल आधी." अण्णा माझे थोरले काका, विंचूरचे कांद्याचे व्यापारी. गेल्या वर्षी गेले.

घरात केशरी रेशनकार्ड होतं, अण्णा दुसऱ्याच्या वखारीत राबत होते तेव्हाचं. पुढे स्वतःची वखार झाली, ट्रक झाले, नाशकात गंगापूर रोडला दादाचा फ्लॅट झाला. कार्डाचा रंग काही बदलला नाही. आमच्या गल्लीत कुणाचाच बदलत नाही. एरवी अण्णा कुणाचा चहासुद्धा फुकट घेत नसत. "फुकटचं मला पचत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि दादा म्हणाला, "योजनेत बसतंय तर कशाला सोडायचं? सगळेच करतात." छाती धरून बसलेल्या अण्णांनी मान हलवली.

मग आमच्या घरात जी तयारी चालली, ती आठवली की आजही कान तापतात. बोटातली अंगठी निघेना म्हणून काकूंनी साबण लावला. माळ्यावरचा विटका सदरा खाली आला. नाशिकला दवाखान्याच्या अलीकडच्या गल्लीत आम्ही गाडी उभी केली आणि तिथून अण्णांना, तशा दुखऱ्या छातीनिशी, रिक्षात बसवलं.

ऑपरेशन चांगलं झालं. ते चालू-फिरू लागल्यावर व्हरांड्यात त्यांना भिका भेटला. पूर्वी त्यांच्याच वखारीत हमाली करायचा, आता सातपूरला रखवालदार होता. त्याच्या बायकोच्या हृदयाची झडप बदलायची होती. पण योजनेचे पैसे सरकारकडून आले नव्हते, म्हणून दवाखान्यानं योजनेतली नवी ऑपरेशनं थांबवली होती. अण्णांचं त्याआधीच उरकलं होतं.

भिकानं विटका सदरा पाहिला, रिकामं बोट पाहिलं आणि त्याचे डोळेच भरून आले. "अण्णा, तुमच्यावर बी असे दिवस आले? आम्हाला कळलंच नाय." संध्याकाळी त्यानं घरून भाकरी आणि मेथीची भाजी आणली. अण्णांनी ती खाल्ली. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. "तुमचं झालं, लय बरं झालं," भिका म्हणाला. "आमचं होईल पुढं."

सकाळी अण्णांनी दादाला फर्मावलं, "आपले पैसे भरून टाक." खिडकीवरच्या मुलीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "योजनेची केस आहे. पैसे घेता येत नाहीत." खाल्लेलं परत करायची सोयच नव्हती. मग अण्णा भिकाकडे गेले. त्याच्या बायकोच्या ऑपरेशनचा खर्च मी करतो म्हणाले. भिकानं त्यांचे हात धरले. "नको अण्णा. आता तुमचंच तुम्हाला जड हे."

मी शेजारीच उभी होते. अण्णा भिंतीला टेकले.

"भिका, माझं काय बुडालेलं नाय. वखार चालू हे. पलीकडच्या गल्लीत माझी गाडी उभी हे. तुझ्या बायकोच्या वाट्याचं मी खाल्लं."

भिकानं अण्णांचे हात सोडले. दारातून आत, खाटेवरच्या बायकोकडे पाहिलं. ती धापा टाकत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"घेतो," तो म्हणाला. "तिच्यासाठी घेतो, शेठ."

इतक्या वर्षांत त्यानं अण्णांना शेठ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.