अर्धा सूत

"बसत न्हाय कसं? अजून घासलंय कुठं?" असं म्हणून ती पदर खोचायची आणि उंबऱ्यात बैठक मारायची. हातात कानस, आणि गाडीचा पार्ट दोन पायांच्या पंजांत आवळून धरलेला. घरात व्हाइस नव्हता. तिचे पाय हाच व्हाइस.

मोबाईल यायच्या आधी तुम्ही कधी सकाळी शिवाजी पेठेतून गेला असाल, तर तिची मोटरसायकल तुम्ही नक्की पाहिली असणार. टाकी लाल, मडगार्ड काळं, सीट तिसऱ्याच गाडीची. पुढचं चाक मागच्यापेक्षा बोटभर मोठं, त्यामुळं गाडी सदा मान वर करून चाललेली. दोन्ही अंगाला दुधाचे कॅन आणि वर लुगडं नेसलेली बाई. गल्ली तिला दूधवाल्या वैनी म्हणायची. मीही तेच म्हणायचो. मला ती मामा म्हणायची, कारण तिचा नवरा म्हणायचा.

तो गेला तेव्हा गाडी बंदच होती. खड्ड्यात पुढचं चाक वाकलं होतं, आणि मग तो आजारी पडला, ते राहूनच गेलं. त्या गाडीचे पार्ट बनायचेही बंद झाले होते. दुधाचा रतीब तिनं सायकलवर चालवून पाहिला. निम्मी गिऱ्हाइकं सुटली.

तेराव्याला नेसरीहून दीर आला. जेवणं झाल्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "वैनी, पुढच्या ऐतवारी टेम्पो आणतो. सामान बांधून ठेवा. गाडी भंगारात घालू, आणि तुमी आमच्यात ऱ्हावा. बाईमाणसानं एकटं पेठंत ऱ्हाऊन करायचं काय?"

माणूस वाईट नव्हता. पण दिराच्या घरात मागच्या सोप्याला उरलेला जन्म काढायचा, हे तिला कळत होतं.

"भावजी, ऐतवारपतोर गाडी चालली, तर मी हितंच," ती म्हणाली.

दीर हसला. "चालली तर की."

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून ती एक चाक घेऊन आली. दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचं. चाकातून आरपार जाणारी दांडी, एक्सल म्हणतात ती, जरा जाड. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या भोकात जाईना. दोन गॅरेजवाल्यांनी हात वर केले. एक म्हणाला, "दोन कंपन्यांचं लगीन आमी लावत न्हाई, बाई." मग ती माझ्याकडं आली.

मी चौथी शिकलेला माणूस, पण उद्यमनगरात तीस वर्षं कानस मारली आहे. मी स्पष्ट सांगितलं, "हातानं भोक वाढवलं की लांबट होतंय. चाक डुलणार. दुधाचं ऱ्हाऊ द्या, तुमीच रस्त्यावर सांडाल."

"कितीचं कमी पडतंय?"

"अर्धा सूत. जाड नखाएवढं."

"मग अर्धा सूत घासाय काय लागतंय?"

"हात बसाय सात वर्सं लागत्यात."

"माज्याकडं ऐतवारपतोर हाय. गोल कानस द्या, मामा."

फिटर आपली कानस दुसऱ्याच्या हातात देत नाही. मी दिली. वाटलं, दोन दिवसांत बोटं सोलतील आणि परत आणून टाकेल.

तीन दिवस दुपारभर तिच्या दारातून खर्र खर्र आवाज. चौथ्या दिवशी माझ्याच्यानं राहवेना, गेलो. वाटीत गोड्या तेलात कुंकू कालवलेलं. ते एक्सलला बोटानं लावायची, भोकात घालून अर्धा फेरा फिरवायची, काढायची. भोकात आत जिथं लाल लागलं असेल तेवढंच घासायची. पुसायची. परत लावायची.

मी दारातच थांबलो. कारखान्यात हेच काम आम्ही लाल रंगावर करायचो, आणि ते दाखवायच्या आधी उस्तादानं मला दोन वर्षं नुसता झाडू मारायला लावला होता.

"हे कुणी शिकवलं?"

"कुणी कशाला शिकवाय पायजे? चिकटतंय तितं टेकतंय. पोळपाटाला पीठ चिकटत न्हाई का?"

तेवढ्यात शेजारची म्हातारी डोकावली. वाटीत काय आहे ते बघून तिनं तोंडाला पदर लावला. "अगं, कुंकू हाय ते. लोखंडाला फासतीस व्हय?"

वैनीनं मान वर केली नाही. "कपाळाला लावू नगंस म्हणून तुमीच सांगितलासा, आत्ती. आता लोखंडाला बी लावू नगं म्हणतासा?"

म्हातारी पदर सोडून वळली. जाताना मात्र हळूच म्हणाली, "संपलं तर माज्याकडनं ने."

शनिवारी दुपारी चाक चढलं. बघायला मला बोलावलं. मी मनात म्हणत होतो, डुलणार. दोन्ही हातांनी चाक धरून गदागदा हलवलं. टकटक ऐकू येते का म्हणून कान लावला. मग फिरवलं, तर थांबता थांबेना. भोक गोल होतं. माझ्या हातून इतकं गोल झालं असतं का, ते मी सांगणार नाही.

"काय, मामा?"

"बरं हाय," मी म्हणालो. मी कुणाला यापेक्षा जास्त कधी म्हणालेलो नाही.

ऐतवारी टेम्पो गल्लीच्या तोंडाला येऊन थांबला, आणि समोरून ती आली. रतीब घालून, रिकामे कॅन वाजवत. गाडी तिनं बरोबर टेम्पोच्या नाकापुढं लावली.

"या भावजी, च्या घेऊन जावा. आणि टेम्पो रिकामा न्हेऊ नका. आमचं वाकडं चाक हाय की, ते घाला भंगारात."

दिरानं चहा घेतला. चाकही नेलं.

त्यानंतर तिला कुणी अडवलं नाही. गाडीचं जे मोडेल, ते दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं यायचं, आणि उंबऱ्यात बसून कुंकू लावून घासलं जायचं. कानस माझ्याकडं परत आलीच नाही, मीही मागितली नाही. एकदा रंकाळ्याजवळ पोलिसानं गाडी थांबवली. कागद बघायचा, गाडी बघायचा, परत कागद बघायचा.

"ही गाडी कुठल्या कंपनीची म्हणायची?"

"शिवाजी पेठेची."

"बाई, नंबर सोडला तर यात ह्या गाडीचं काय बी न्हाई."

"पर चालतीया की," म्हणाली, आणि किक मारली.

पंधरा-सोळा वर्षं तिनं ती गाडी चालवली. मग एका पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेली. गाडी तिच्या भाच्यानं नेली. चोक अर्धा ओढून दोन किका नुसत्या सोडायच्या आणि तिसरी मारायची, हे मी त्याला सांगितलं नाही. शोधू दे त्याचं त्यानं.

मी माझी कानस तेवढी तिच्या भिंतीवरून काढून आणली. काम झालं की तारेच्या ब्रशनं कानसेचे दाते साफ करायचे, हा माझा जन्माचा नेम. या कानसेला मी ब्रश लावलेला नाही. येणारा जाणारा बघतो आणि म्हणतो, "मामा, तुमच्यासारख्याच्या घरात गंजकी कानस?"

मी म्हणतो, "डोळं तपासून घे."